टेस्ट द्यायची ती सुटायला की पुढे जायला?

दरवर्षी जुलै संपत आला की मला फोन यायला लागतात. मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच आईबाबांकडे माझा नंबर आहे. फोनवरचा प्रश्न पण ठरलेला असतो, "ताई, हिच्या कॉलेजला लँग्वेज रिक्वायरमेंट आहे म्हणे, मराठीची टेस्ट देऊन सुटता येईल का?"

हा "सुटता" शब्द माझ्या डोक्यात बसलाय. आपल्याकडे कॉलेजात असताना आपण म्हणायचोच की, मॅथ्स सुटलं, अकाउंट्स राहिलं, सगळे विषय सुटले एकदाचे. विषय म्हणजे जणू मागे लागलेलं काहीतरी आणि तो सुटला की श्वास मोकळा. त्यात वाईट काही नाही, मी पण तसंच बोलायचे. पण मराठी आईने आपल्या मुलीबद्दल मराठीत फोन करून मराठीतून सुटता येईल का असं विचारलं की मला आत कुठेतरी लागतं. त्या आईवर मी रागावत नाही, तिची काळजी खरी आहे, फी खरी आहे, मुलीचं प्री-मेडचं, म्हणजे मेडिकलच्या तयारीचं, टाइमटेबल खरं आहे. तरी मला वाटतं या टेस्टबद्दल आपण सगळे, म्हणजे कॉलेजं, आईबाप आणि माझ्यासारखे रविवारचे शिक्षक पण, चुकीचा विचार करतोय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत किंवा जे भारतातून वाचताहेत त्यांच्यासाठी आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत, खास करून आर्ट्स अँड सायन्सेसवाल्या, डिग्री हातात पडण्याआधी इंग्रजी सोडून एक भाषा ठराविक पातळीपर्यंत यावी लागते. कुठे एका वर्षाच्या अभ्यासाइतकी, शिकागो विद्यापीठात साधारण तेवढी, तर कुठे दोन वर्षांइतकी, कोलंबियात चार सेमिस्टरइतकी. आता ज्याला ती भाषा आधीच येते त्याला पुन्हा "माझं नाव अमुक" पासून बसवण्यात अर्थ नाही, म्हणून सुरुवातीला प्लेसमेंट टेस्ट असते. तुझी पातळी बघायची आणि तुला योग्य वर्गात बसवायचं, पातळी रिक्वायरमेंटच्या वर निघाली तर रिक्वायरमेंट पूर्ण झाली असं धरायचं. बऱ्याच ठिकाणी असं झालं की माफी मिळते पण क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजले जाणारे पॉइंट, मिळत नाहीत, हे पण लक्षात ठेवा, कारण अर्धे आईबाप क्रेडिट मिळणार समजून खूश असतात आणि मग नाराज होतात.

म्हणजे टेस्टचं मूळ काम बसवण्याचं आहे, जसं आपल्याकडे दुसऱ्या गावाहून आलेल्या पोराला मास्तर दोन बेरजा आणि एक उतारा देऊन "याला तिसरीत बसवा" म्हणायचे तसं. सोडवण्याचं काम तिच्या गळ्यात नंतर पडलं.

आता मराठीची गोष्ट. स्पॅनिशला काही अडचणच नाही, हायस्कूलमध्ये चार वर्षं स्पॅनिश, मग एपीची परीक्षा, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा, नाहीतर कॉलेजची ऑनलाइन टेस्ट, अर्ध्यापाऊण तासात निकाल. एपीच्या भाषा सात आहेत, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चायनीज, जॅपनीज आणि लॅटिन. सॅटच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, सब्जेक्ट टेस्ट होत्या तेव्हा त्यात नऊ भाषा होत्या, हिब्रू आणि कोरियन धरून, त्या टेस्ट २०२१ मध्ये बंदच झाल्या. क्लेप म्हणून परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवायचा प्रकार आहे, त्यात तीन भाषा, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. या सगळ्या याद्यांमध्ये भारतातली एकही भाषा नाही, हिंदी सुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत, पण इथल्या सतरा वर्षांच्या मराठी पोरीला या सगळ्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची देशभर चालेल अशी एक परीक्षा नाही. मग तिच्याकडे उरतं काय, तर त्या त्या कॉलेजच्या भाषा विभागाला ईमेल टाकणं आणि कोण काय उत्तर देतंय त्याची वाट बघणं.

आणि उत्तरं काय येतात ती मी अकरा वर्षं बघतेय. एका ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे मराठीचा परीक्षक नाही, हिंदीची टेस्ट दे, लिपी तर एकच आहे ना. लिपी एकच आहे म्हणून! मग इंग्रजी येणाऱ्याला पोलिशची टेस्ट द्या की, ती पण रोमन लिपीतच लिहितात. तो मुलगा घरी हिंदीचं एक वाक्य बोलत नव्हता, सिनेमात ऐकलं तेवढंच. दुसऱ्या एका कॉलेजने बाहेरच्या संस्थेकडून फोनवर तोंडी मुलाखत द्यायला सांगितली, फी आईबापांनी भरली, ते एकवेळ बरं. आणि तिसऱ्या कॉलेजने, त्याचं नाव मी घेणार नाही, विचारलं की तुमच्या समाजात कोणी शिक्षक असेल तर त्यांच्याकडून एक पत्र आणा, मुलीला भाषा येते असं.

ते पत्र मी लिहिलं. त्याबद्दल मला इथे स्पष्ट बोलायचंय. ती मुलगी माझ्या वर्गात पाच वर्षं होती, तिची आई माझी मैत्रीण, गणपतीला आमची एकमेकींकडे जेवणं. मी लिहिलं की ती मराठी अस्खलित बोलते, वाचते आणि लिहिते. बोलते हे शंभर टक्के खरं होतं. वाचते हे अर्धं खरं होतं, कारण जोडाक्षर आलं की ती थांबायची. आणि लिहिते हे खरं नव्हतं. कॉलेजने एका दिवसात माफी दिली, कोणी तिच्याशी एक वाक्य सुद्धा बोललं नाही. आईने मला मिठाई आणून दिली. मुलगी त्यानंतर चार वर्षं त्या कॉलेजात होती आणि तिने एकदाही मराठीचं पान उघडलं नाही, उघडायचं कारणच मी काढून घेतलं होतं. लोक म्हणतात, अगं तू मदत केलीस. मला तसं वाटत नाही. मी तिला त्या वर्षी मदत केली आणि पुढच्या आयुष्यातली एक गोष्ट तिच्याकडून काढून घेतली, असं मला वाटतं.

आता याच्या उलटची केस. एका मुलाच्या कॉलेजने मराठी जाणणाऱ्या प्राध्यापक बाई शोधून काढल्या, दुसऱ्या राज्यातल्या, आणि नीट टेस्ट घेतली, पाऊण तास व्हिडिओवर. मुलगा साताऱ्याकडचा, म्हणजे त्याचे आजोबा साताऱ्याकडचे, तो स्वतः इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनचा. पहिली पंचवीस मिनिटं तो मस्त बोलला, आजोबांची शेती, ऊस, बैलगाडीतून पडला ती गोष्ट, यात्रेत हरवला ती गोष्ट. मग त्या बाईंनी स्क्रीनवर एक उतारा ठेवला, बातमीसारखा, आठदहा ओळींचा, पाण्याच्या टंचाईबद्दल. त्याला पहिली ओळ लागली, दुसरीत "दुष्काळग्रस्त" हा शब्द आला आणि तिथून पुढे तो अक्षर अक्षर जोडत बसला. शेवटी त्यांनी लिहायला सांगितलं, आजोबांना चार ओळींचं पत्र. त्याने "प्रिय आजोबा" लिहिलं, तेही "प्रीय" असं, आणि थांबला. निकाल आला, बोलणं वरच्या पातळीचं, वाचन-लेखन सुरुवातीचं, रिक्वायरमेंट पूर्ण नाही. आई माझ्याकडे रडत आली, म्हणाली, त्याला मराठी येत नाही असं लिहून दिलंय त्यांनी.

त्यांनी तसं लिहून दिलं नव्हतं. त्यांनी तो कुठे उभा आहे ते बरोबर सांगितलं होतं, आणि माझ्या मते या सगळ्या वर्षांत एवढी प्रामाणिक टेस्ट मी बघितलेली नाही. अशा मुलांना इथे हेरिटेज लर्नर म्हणतात, म्हणजे घरात भाषा ऐकत वाढलेली पण शाळेत ती न शिकलेली मुलं. त्यांची भाषा एका बाजूला खूप वाढलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तशीच राहिलेली असते. आजीने रागावून काय म्हटलं ते त्यांना सुरावरून कळतं, जे चार वर्षं मराठी शिकलेल्या अमेरिकन विद्यार्थ्याला पण कळायला वेळ लागतो. पण "पोळी खाल्ली" म्हणताना ती "मी पोळी खाल्लो" म्हणतात. "आजीने मला गोष्ट सांगितली" याचं "आजी मला गोष्ट सांगितला" होतं, कारण ने लागला की क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं, आपल्यालाही कोणी सांगितलं नव्हतं, आपल्याला ते दिवसभर कानावर पडत होतं एवढंच. परीक्षक बाईंना ती सरळ "तू" म्हणतात, कारण घरात आईला तू, आजीला तू, आणि तुम्ही म्हणायची वेळच येत नाही. टेस्ट घ्यायची तर हे सगळं माहीत असलेल्या माणसाने घ्यायला हवी. स्पॅनिशसाठी बनवलेल्या रिकाम्या जागा भराच्या साच्यात मराठीचे शब्द भरून हे कळणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त सतावते. कुठली मराठी? कोल्हापूरकडच्या घरातली मुलगी "मी आलो", "मी जातो" म्हणते, तिची आई तसंच म्हणते, आजी पण तसंच म्हणते, तिकडच्या बायका तसंच बोलतात. आता हिचा परीक्षक पुस्तकातली मराठी शिकलेला असेल तर तो खूण करणार, लिंगाची चूक. तशीच विदर्भातली "तो काय करून राहिला" म्हणणारी पोरं. खानदेशातल्या घरांत तर बोली आणखीच वेगळी, आणि गोव्याच्या काही घरांत बोलायला कोंकणी आणि वाचायला मराठी, ती मुलं फॉर्मवर कुठल्या चौकटीत टिक करणार? एडिसनची पोरगी जे चुकून बोलते आणि कोल्हापूरची पोरगी जे बरोबर बोलते ते कागदावर सारखं दिसू शकतं, त्यातला फरक कळायला मराठी मुलखाचा अनुभव असलेला माणूस लागतो. असं कळणारे परीक्षक अमेरिकेत फार थोडे असणार, पण ते आहेत, आणि व्हिडिओच्या जमान्यात एकाच गावात असायची गरज नाही.

तर माझं म्हणणं दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग एकत्रच घ्या, नुसता एक घेऊ नका. पहिला भाग, ज्या कॉलेजात भाषेची रिक्वायरमेंट आहे तिथे मराठीत टेस्ट द्यायचा हक्क प्रत्येक मराठी मुलाला हवा, आमच्याकडे परीक्षक नाही हे उत्तर चालायला नको. दुसरा भाग, ती टेस्ट खरी हवी, वाचन आणि लेखन धरून, आणि तिच्यातून जी पातळी निघेल तिथून पुढे शिकायची सोय हवी. दुसरा भाग सोडून नुसता पहिला मागितला तर आपण मराठीला फुकटचा पास करतोय, आणि पहिला सोडून नुसता दुसरा मागितला तर मुलं सरळ स्पॅनिशकडे जाणार. जातातच आहेत.

स्पॅनिशचं पण बोलते, कारण शहाणे आईबाप तोच रस्ता धरतात. माझ्या स्वतःच्या मुलीने तेच केलं. हायस्कूलमध्ये चार वर्षं स्पॅनिश, कॉलेजच्या ऑनलाइन टेस्टमध्ये तिसऱ्या सेमिस्टरला बसवलं, दोन सेमिस्टर केली, सुटली. आज ती टॅको घेताना सुद्धा इंग्रजीत बोलते. स्पॅनिश वाईट नाही हो, इथे राहणाऱ्या माणसाने स्पॅनिश शिकावीच, आमच्या गावात निम्म्या दुकानांत ती लागते. पण तिच्या पाच वर्षांच्या स्पॅनिशचं जे झालं ते बघून मला रात्री वाटतं की तेवढा वेळ तिच्या मराठीला मिळाला असता तर? तिला घरात पाया होता, कानात भाषा होती, फक्त वरचे मजले बांधायचे होते. ती पाया नसलेल्या जागी बांधत बसली कारण तिथे परवानगी लवकर मिळते.

आणि ही सवय आपण इथे येऊन लावून घेतलेली नाही. ती आपण सोबत घेऊन आलो. आठवा, आपल्या वेळी किती जणांनी शाळेत संस्कृत घेतलं ते फक्त स्कोअरिंग म्हणून. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं, आणि सायन्सची किती पोरं मराठी सोडून आयटी घेतात ते कुठल्याही ज्युनियर कॉलेजात जाऊन विचारा. कारण काय तर मार्क मिळतात, वेळ वाचतो, एंट्रन्सला लागत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कायदा करून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, पण तो कायदा दहावीपर्यंतचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा इथे आमच्या मंडळात पेढे वाटले, मी पण वाटले. त्याच आठवड्यात मला एका बाबांचा फोन होता, मराठी शाळेतून नाव काढायचंय, रविवारी सॅटचा क्लास आहे.

आता जे लोक माझ्याशी वाद घालतात त्यांचं म्हणणं पण नीट मांडायला हवं, कारण त्यात दम आहे.

पहिला मुद्दा पैशाचा. चार सेमिस्टर भाषा म्हणजे बारा ते सोळा क्रेडिट, आणि खाजगी कॉलेजात तेवढ्या क्रेडिटची किंमत अख्ख्या सेमिस्टरएवढी होते. ज्या घरात एकच पगार आहे किंवा आईबाप दुकानात उभे राहून कमावतात तिथे टेस्ट देऊन हा भार उतरत असेल तर मी कोण त्यांना अडवणारी? मला हे मान्य आहे. मेक्सिकोतून आलेल्या, व्हिएतनाममधून आलेल्या घरांतली मुलं पण याच रस्त्याने जातात आणि त्यांचा हक्क कोणी काढून घेऊ नये. म्हणून मी माफीच बंद करा असं म्हणत नाहीये. मी म्हणतेय की माफी ज्याला खरंच येतं त्याला द्या. आणि ज्याचं अर्धं येतं त्याला अर्धी द्या, बोलणं पक्कं असेल तर पहिली दोन सेमिस्टर माफ, आणि वाचन-लेखनासाठी एकदोन सेमिस्टर करून घ्या. तो साताऱ्याचा मुलगा एका सेमिस्टरमध्ये वाचायला लागला असता, त्याला शब्दांचे अर्थ शिकवायचे नव्हते, फक्त ते कागदावर कसे दिसतात ते दाखवायचं होतं.

दुसरा मुद्दा माझ्यापुढे एका प्राध्यापकांनी मांडला आणि तो जास्त अवघड आहे. ते म्हणाले, भाषेच्या रिक्वायरमेंटचा हेतू हा की मुलाने आपल्या घराबाहेरचं जग बघावं, दुसऱ्या लोकांच्या डोक्यात शिरावं. तुमच्या मुलाने घरची भाषा दाखवून ते टाळलं तर हेतूच गेला. मी यावर बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर हे आहे की एडिसनमध्ये वाढलेल्या पोराला मराठीतली घरची भाषा येते, मराठीतलं जग येत नाही. जेवायला ये, बूट काढ, आजीशी बोल, एवढ्या खोलीत तो वावरलाय. त्या खोलीबाहेर संतांचे अभंग आहेत, वर्तमानपत्रातले अग्रलेख आहेत, दलित लेखकांची आत्मचरित्रं आहेत, सात-बाराचा उतारा आहे, ग्रामसभेतली भांडणं आहेत, त्यातलं त्याला काहीही माहीत नाही. माद्रिद त्याला जेवढं परकं तेवढंच हे. फरक इतकाच की इथे जायला त्याच्याकडे अर्धी वाट चाललेली आहे. म्हणून तर मी म्हणते टेस्टने त्याला दारात सोडू नका, आत बसवा.

तिसरा मुद्दा, बसवायचं कुठे? वर्ग आहेत कुठे? हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर निराशाजनक आहे असं लोकांना वाटतं. मराठी म्हटलं की शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांची नावं घेतली जातात, दोन्हीकडे कित्येक वर्षं मराठी शिकवली गेलीय, बाकी ठिकाणी वर्ग असला तर असला. हे वर्ग मुळात आले कसे ते आपल्या लोकांना माहीत नसतं. १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका घाबरली, १९५८ ला इथे कायदा झाला आणि त्यातून विद्यापीठांना जगभरच्या भाषा शिकवायला सरकारी पैसा मिळायला लागला, आपल्या भाषा त्या लाटेत आल्या. आणि पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेतून यायचा तो गहू आठवतो का, आपल्या आईवडिलांच्या पिढीला नक्की आठवतो, रेशनच्या रांगेत मिळायचा तो. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत फेडले आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून भारतातली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या लायब्रऱ्यांना पाठवली गेली, त्यात मराठी पुस्तकं पण होती. म्हणजे तुमची मुलगी त्यातल्या एखाद्या विद्यापीठात शिकत असेल तर तिच्या लायब्ररीत खालच्या मजल्यावर मराठी पुस्तकांची रांग उभी असण्याची शक्यता आहे, तिच्या आजोबांनी खाल्लेल्या गव्हाच्या पैशातली, आणि ती वरच्या मजल्यावर बसून मराठीतून माफी मिळाल्याचा ईमेल वाचतेय. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस बेचैन होते.

वर्ग नाहीत म्हणून माफी आणि माफी आहे म्हणून वर्ग नाहीत, असं हे चक्र आहे. विभाग म्हणतो, मराठीला विद्यार्थी येत नाहीत. येणार कसे, जे येऊ शकत होते त्यांना तुम्ही पहिल्याच आठवड्यात पत्रावर घरी पाठवलंत, त्यात माझंही एक पत्र आहे. आणि काळ कठीण आहे. इंग्रजी सोडून इतर भाषांचे विद्यार्थी अमेरिकेतल्या कॉलेजांत २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत १६.६ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने भाषांचे सगळे डिग्री प्रोग्राम बंद केले, फ्रेंच आणि स्पॅनिश सकट. तिथे फ्रेंचची ही गत तर मराठीचा नवा वर्ग कोण काढणार, असं म्हणतात. पण नवा वर्ग प्रत्येक कॉलेजात कशाला हवा? कोलंबिया, कॉर्नेल आणि येल ही तीन विद्यापीठं कमी शिकल्या जाणाऱ्या भाषांचे वर्ग व्हिडिओवरून एकमेकांत वाटून घेतात, शिक्षक एकीकडे आणि विद्यार्थी तीन गावांत. तसं मराठीचं का नको? चार कॉलेजांतले मिळून सातआठ विद्यार्थी झाले की वर्ग होतो. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन शिकायची सोय अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची आहे, आणि आपली मुलं त्याच सुट्टीत पुण्यातच असतात, मॉलमध्ये.

आईबापांनी पण एक करावं, हे सगळं कॉलेज लागल्यावर ऑगस्टमध्ये सुरू करू नये. सील ऑफ बायलिटरसी म्हणून प्रकार आहे, हायस्कूल संपताना इंग्रजी आणि आणखी एक भाषा येते म्हणून डिप्लोम्यावर लागणारी मोहोर, २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला आणि मग ती देशभर पसरली. इलिनॉय, मिनेसोटा अशा राज्यांत सरकारी कॉलेजांनी तिला क्रेडिट द्यावं अशी कायद्यात सोय पण आहे. मराठीत ती मिळवलेली मुलं आहेत. आणि तिच्यात वाचन-लेखन बघतात, त्यामुळे तयारी आठवीनववीपासून करावी लागते, जे वय नेमकं आपली मुलं मराठी शाळा सोडण्याचं आहे. आमच्या शाळेत पहिलीच्या वयाची बावीस मुलं असतात आणि नववीच्या वयाची तीन. त्या तिघांसाठी मी गेल्या वर्षापासून वही सुरू केलीय, महिन्याला एक पान, स्वतःच्या हाताने, कशावरही, फक्त तारीख टाकायची आणि खाडाखोड पुसायची नाही. कॉलेजने विचारलं तर ती वहीच पाठवायची, माझं कौतुकाचं पत्र नको.

पत्रं मी अजून लिहिते, नाही म्हणत नाही. पण लिहायची पद्धत बदललीय. गेल्या ऑगस्टमध्ये एका मुलासाठी लिहिलं, त्याच्या आईला आधी वाचून दाखवलं, तिला ते आवडलं नाही पण तिने पाठवू दिलं. त्यात लिहिलं की हा मुलगा मराठी छान बोलतो, ऐकलेलं सगळं समजतो, वाचताना जोडाक्षरांना अडतो, लिहिणं पहिलीदुसरीच्या पातळीचं आहे. मी त्याच्या कुटुंबाला ओळखते म्हणून मला परीक्षक धरू नका, मराठी जाणणाऱ्या प्राध्यापकांकडून टेस्ट घ्या. आणि तुमच्याकडे त्याला बसवायला वर्ग नसेल तर एखाद्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मी आठवड्यातून दोन तास त्याला शिकवायला तयार आहे, पैसे नकोत. दोन आठवड्यांनी विभागातून उत्तर आलं, तुम्ही कुठलं पुस्तक वापरणार आणि सेमिस्टरच्या शेवटी त्याला काय यायला हवं, ते एका पानात लिहून पाठवा. ते पान मी त्याच रात्री लिहायला बसले.